आमच्या घरात भूत नव्हतं

हे लिहायला मला सुषमानं बसवलं. सुषमा म्हणजे माझी बायको. ती म्हणाली, दवाखान्याच्या बाकावर बसून लोकांना जे सांगत बसतोस ते एकदाचं कागदावर उतरव, म्हणजे माझं डोकं तरी कमी खाशील. तिचा शब्द मी मोडत नाही, आता तर मुळीच नाही.

मी लेखक नाही. राईस मिलमध्ये मशीन चालवणारा माणूस आहे, म्हणजे होतो. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही, गोळ्यांची नावंही मी चुकीची सांगतो. मला डिप्रेशन झालं होतं आणि त्यातून मी पुष्कळसा बाहेर आलो आहे. ज्यांच्यामुळे आलो त्यांचे उपकार सांगायचे आहेत. आणि तुमच्या घरात कोणी भिंतीकडे तोंड करून पडलं असेल, तर त्याच्यासाठीही हे आहे.

मिल गेली

आमचं गाव तिरोडा तालुक्यात, चोरखमारा तलावाच्या कालव्याखाली. बाबा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते. कालव्याचं पाणी पाळीपाळीनं एकेकाच्या शेतात सोडायचं, हे त्यांचं काम. आता निवृत्त आहेत, पण चालताना अजूनही पाटाच्या कडेकडेनं चालतात.

मी लग्नाआधीपासून गोंदियाच्या एका मिलमध्ये होतो. मालक वारले, पोरांना धंदा नको होता, त्यांनी मिल विकली आणि घेणाऱ्यानं तिथं गोदाम केलं. कोणी कोणाला फसवलं नाही. आम्ही सगळे एका संध्याकाळी डबे घेऊन बाहेर आलो, आणि दुसऱ्या दिवशी जायला जागा नव्हती.

पहिले काही दिवस बरे वाटतात, खोटं कशाला बोलू? उशिरा उठा, पोरीला शाळेत सोडा. मग मी कामं शोधायला लागलो. मिलवाल्यांना चाळिशीचा माणूस नको होता, आणि नव्या मशीनला तसेही दोनच लोक लागतात. नागपूरला वॉचमन म्हणून गेलो, तर पगार खोलीतच जिरला. परत आलो. चौकात मजुरीला उभा राहिलो तर ठेकेदार माझ्याकडे बघून बाजूच्या पोट्ट्याला गाडीत बसवायचा.

गरिबी आम्हाला नवीन नव्हती. लहानपणी घरात याहून कमी होतं. पण तेव्हा सकाळी उठलं की प्रत्येकाला जायला ठिकाण होतं. आता सुषमा दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जायची, म्हणजे धानाच्या शेतात रोपं लावायला, आणि मी तिनं केलेला भात खायचो. तो भात तोंडात कोंड्यासारखा लागायला लागला. मला वाटलं तांदूळच खराब आहे. मी तिच्यावर ओरडलोही.

मग आंघोळ सुटली. शर्टाच्या गुंड्या लावायला बसलो की दुसऱ्या गुंडीवरच हात थांबायचा. पोरगी रिया गणित विचारायला यायची, मी नुसता वहीकडे बघत राहायचो. काही दिवसांनी तिनं विचारणं बंद केलं, आणि ते मला कळलंसुद्धा नाही.

बाबांचं निदान

इथं आमच्या घराबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

माझ्या आज्यानं छप्पन साली धम्म घेतला. त्या दिवशी घरातले देव गेले आणि देवांबरोबर भुतं, भानामती, करणी, अंगात येणं, सगळं गेलं. बाबांना याचा फार अभिमान. गावात कोणाकडे लिंबू-मिरची दिसली की ते विहारातल्या बैठकीत तासभर बोलणार. त्यांचं बरोबरच होतं. पण आज्यानं भूत घराबाहेर काढलं, त्या रिकाम्या जागी काय ठेवायचं हे कोणी ठरवलंच नाही. त्यामुळे ताप, खोकला, मोडलेलं हाड याच्या पलीकडे माणसाला काही होऊ शकतं, हे आमच्या घरात ठाऊकच नव्हतं.

आमच्या शेजारी झनकलालभाऊ राहतात. पोवार समाजाचे, चांगले शेतीवाले, सुषमा त्यांच्याच शेतात कामाला जाते. माझ्या आजाराच्या दोन वर्षं आधी त्यांची सून बाळंतपणानंतर बोलायचीच बंद झाली. त्यांनी पुजारी आणला, धूप झाला, नारळ झाले, कोंबडाही गेला. बाबा आमच्या ओसरीत बसून हसले होते. पण एक गोष्ट मी तेव्हाच पाहिली होती. त्या पोरीला कोणी काम सांगत नव्हतं. आयाबाया येऊन तिचे केस विंचरून द्यायच्या, पेज पाजायच्या, बाधा आहे बिचारीला म्हणायच्या.

माझ्यात भूत शिरण्याची सोय नव्हती. म्हणून बाबांनी निदान केलं, आळस.

आणि आळसावर औषध म्हणजे काम. आमचं थोडंसं धानाचं शेत आहे. कापणीला बाबांनी मला पहाटे उठवून नेलं. हातात विळा घेऊन मी बांधीच्या मधोमध उभा राहिलो आणि कोणत्या कोपऱ्यातून सुरू करायचं तेच मला ठरवता येईना. खरंच सांगतो, येईना. बाबा कापत कापत पुढे गेले, वळून बघतात तर मी तिथंच. ते म्हणाले, हातपाय सलामत आहेत ना तुझे? मी हो म्हटलं.

बाबा दर पौर्णिमेला विहारात वाचायचे, जगात दुःख आहे, दुःखाला कारण आहे, आणि त्यातून निघायचा मार्ग आहे. खणखणीत आवाजात वाचायचे. घरी येऊन मला म्हणायचे, ऊठ आता.

मंडई

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा. लेकी-जावई, सोयरे, सगळे त्या दिवशी येतात. रस्त्यावर सिंगाड्यांचे ढीग, जिलेबी, पाळणे. घराघरात चूल विझत नाही. आणि ओसरीत बसलेला प्रत्येक पाहुणा चहाचा कप हातात घेता घेता एकच प्रश्न विचारतो, काय करून राहिला सध्या?

त्यात वाईट काही नाही. आमच्याकडे ती विचारपूस आहे. ज्याच्याकडे उत्तर आहे त्याला तो प्रश्न ऐकूही येत नाही.

मी मागच्या सांदवाडीत, म्हणजे परसात, बसलो होतो. बाबांनी हाक मारून पुढे बोलावलं. आमगावचे काका आले होते, बाबांचे चुलतभाऊ. त्यांचं तिथं चपलांचं दुकान आहे. आपला मुलगा निखिल पोलीस भरतीची तयारी कसा करतो, पहाटे धावतो किती, हे त्यांचं सांगून झालं होतं. मला बघून त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडण्याआधी बाबाच बोलले. "आळस करून राहिला. दुसरं काय?"

सगळे हसले. बाबाही हसले. पाहुण्यांसमोर विषय हलका करावा, एवढंच त्यांच्या मनात असणार. मीही हसलो, म्हणजे तोंड तसं केलं. त्या दिवसानंतर माझ्या डोक्यात एकच विचार घर करून बसला, की मी नसलो तर या घराचा भार कमी होईल. हा विचार रडवत नाही बरं का. तो अगदी शहाण्यासारखा बोलतो, हिशेब मांडून दाखवतो. म्हणून तो धोक्याचा. तो तुमच्या मनात आला असेल तर तो तुमचा नाही, आजाराचा आहे, आणि तो त्याच दिवशी कोणाला तरी सांगायचा. मी सुषमाला सांगितला.

ती भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवला, हात पुसले आणि माझ्याजवळ येऊन बसली. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "मले तुह्या पगाराशी लगीन नोतं लावून देल्लं." मग म्हणाली, आता मी बोलते एकाशी. त्यानंतर तिनं मला एकटं सोडलं नाही. कामावर जाताना रियाची शाळा बुडवून तिला माझ्याजवळ ठेवणं बरं दिसेना, म्हणून मलाच सोबत घेऊन गेली आणि झनकभाऊंच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसवून ठेवलं. मी दिवसभर बसलो. बायकोच्या कामावर धुऱ्यावर बसलेला नवरा सगळ्या बायांनी पाहिला. एकीनंही काही म्हटलं नाही, उलट दुपारी प्रत्येकीनं आपल्या डब्यातलं वाढलं. त्या बायांची नावं इथं लिहिली तर त्या मला मारतील, पण मी कोणालाही विसरलो नाही.

झनकभाऊ बोलले

दुसऱ्या दिवशी सकाळी झनकभाऊ आमच्या ओसरीत येऊन बसले. सुषमा बोलली होती ती यांच्याशीच. ते सहसा येत नाहीत, कुंपणावरूनच बोलतात. चहा झाला. पिकाचं झालं. मग त्यांनी बाबांना सरळ विचारलं.

"पाटकरी, आमी सुनेले पुजाऱ्याकडे नेलं तं तुमी हासले. हासा, आमी चुकलोच. पर पोरगी बिमार आहे हे आमाले पयल्या दिवशीपासून मालूम होतं. पुजाऱ्यानं नाही झालं तं गोंदियाले डॉक्टरकडे नेली, आता बोलते, हासते, लेकरू सांभाळते. तुमी तं भूत मानत नाही. मंग डॉक्टर तुमाले आमच्या आधी काऊन नाही दिसला?"

बाबांनी पान लावायला घेतलं, आणि लावलेलं पान तसंच खाली ठेवलं. मी दारात उभा होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी बाबांना वादात हरताना पाहिलं, आणि तेही भूत मानणाऱ्या माणसाकडून. संध्याकाळी त्यांनी आपला पांढरा शर्ट दोरीवर वाळत घातला. तो ते फक्त विहारात जाताना घालतात. म्हणाले, उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ.

बाकावरचे गुडघे

सरकारी दवाखाना म्हणजे वाट पाहणं. आधी चिठ्ठीची रांग, मग दाराबाहेरचं बाक, मग औषधाच्या खिडकीची रांग. हिंदी, मराठी, पोवारी, छत्तीसगढी, सगळं एका बाकावर. मला वाटलं होतं तिथं कपडे फाडणारे लोक असतील. होते ते आपल्यासारखेच. एक मास्तरीण, एक ट्रक ड्रायव्हर, बिडीचं काम बंद पडलेली एक म्हातारी. आमच्यातल्या किती जणांचं काम गेलं होतं आणि मग झोप गेली होती, हे मी नंतर बाकावर बसून बसून शिकलो. काहींचं उलटं होतं, आधी झोप गेली आणि मग काम. एकदा दोन्ही गेलं की आधी काय गेलं हे ओळखू येत नाही.

बाबांनी दुपट्टा नाकापर्यंत गुंडाळला होता. तरी कालव्याच्या शेवटच्या गावातल्या एका शेतकऱ्यानं त्यांना ओळखलंच. म्हणाला, पाटकरी साहेब, तुमी इकडं कसे?

बाबा म्हणाले, "गुडघे."

समोर दारावर पाटी होती, मानसोपचार विभाग. शेतकऱ्यानं पाटीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. त्याच्या हातात त्याच विभागाची चिठ्ठी होती. तो शांतपणे बाबांच्या बाजूला टेकला आणि म्हणाला, "माहे बी गुडघेच."

कितीतरी महिन्यांनी मला हसू आलं. आजही आमच्या घरात दवाखान्याला गुडघे म्हणतात. सुषमा विचारते, गुडघ्याची तारीख कधी आहे?

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी विचारलं, सकाळी जाग आली की मनात पहिलं काय येतं? मी म्हटलं, कायले उठू. त्यांनी मान हलवली, जणू हे उत्तर त्यांनी आधी ऐकलं होतं. बाबा स्वतःच उठून बाहेर गेले आणि मग मी तो शहाणा विचारही सांगितला. त्या दचकल्या नाहीत. मग मी रडलो. त्यांनी रडू दिलं, बाहेर एवढी रांग असताना.

त्या म्हणाल्या की हा आजार आहे, तुमचा स्वभाव नाही. नोकरी माझ्या कपाटात नाही, गोळी आहे. काम गेल्यानं आजार आला असेल, पण आता आजार तुम्हाला कामापर्यंत जाऊ देत नाही. आधी हे बघू. मग बाबांना आत बोलावून सांगितलं की सध्या यांना एकटं ठेवायचं नाही आणि गोळ्या तुमच्याजवळ ठेवा. बाबा शाळकरी पोरासारखे हो हो करत होते.

परतीच्या गाडीत

गाडीत बाबा खिडकीबाहेर बघत बसले. बांध्या कापून झाल्या होत्या, ठिकठिकाणी धानाचे पुंजणे रचलेले. गंगाझरी स्टेशन गेल्यावर ते माझ्याकडे न बघताच बोलायला लागले.

"शेवटच्या बांधीवाला मले शिव्या दे. पाणी नाही सोडत म्हणे. मी पाहो तं कालवा भरून चाललेला राहे. मंग पाटापाटानं पायी जा लागे. कुठंतरी मधात गाळ बसलेला राहे. गाळ काढला का पाणी चाललं." मग म्हणाले, "बांधी सुकली तं बांधीले कोणी आळशी नाही म्हणत, महेंद्र. मी तुले म्हटलं."

एवढंच. मला त्या दिवशी गोळी मिळाली होती, पण अर्धं औषध मी गाडीतच घेतलं असं मला वाटतं.

गोळीची पाळी

बाबांनी गोळ्या आपल्या जुन्या पाटकऱ्याच्या पिशवीत ठेवल्या आणि पाण्याची पाळी सांभाळावी तशी गोळीची पाळी सांभाळली. पाळी चुकली का धान जाते, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आधी मला नुसती झोप यायची आणि तोंड कोरडं पडायचं. फायदा काहीच दिसेना. एकदा मी वैतागून कुंपणाशी उभा होतो तर पलीकडून झनकभाऊंची सून हळूच म्हणाली, भाऊ, तोंड वाळते, मंग कमी होते, सोडजा नोका. जी पोरगी वर्षभर बोलली नव्हती तिनं मला धीर दिला. तिचे उपकार कसे मोजू?

आणि मग एका दुपारी भात गोड लागला. नवा तांदूळ होता, वर नुसतं वांग्याचं पाणीदार कालवण. मी परत मागितला. सुषमा वाढायला उठली आणि चुलीकडे तोंड करून जरा जास्तच वेळ बसली.

सगळं ठीक झालं असं मी सांगणार नाही. नोकरी अजून नाही. गावातल्या हलरचा, म्हणजे छोट्या भातगिरणीचा, पट्टा उतरला म्हणून मला बोलावलं होतं, तेव्हापासून धान भरडायला आठवड्यातून काही दिवस तिथं जातो. मशीनचा आवाज कानात पडला की बरं वाटतं. सुषमा अजून रोवणीला जाते. चहा अजून बऱ्याचदा काळाच असतो. औषध दवाखान्यात मिळतं, पण जायचा एक दिवस मोडतो, आणि हातावर पोट असलेल्याला एक दिवस म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्याला ठाऊक आहे. गरिबी गोळीनं जात नाही. पण गरिबीशी भांडायला अंगात जो माणूस लागतो, तो गोळीनं परत आला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती बंद करू नका, एवढा एक सल्ला मी हक्कानं देतो.

या वर्षीची मंडई

यंदा मंडईच्या दिवशी मी सांदवाडीत गेलो नाही. ओसरीत सतरंजी मीच अंथरली.

आमगावचे काका एकटेच आले. निखिल नाही का आला, असं सुषमानं विचारलं तर म्हणाले, अभ्यास करून राहिला, खोलीबाहेरच निघत नाही. काका उतरलेले दिसत होते. तरी चहाचा कप हातात आला आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघालंच, "मंग महेंद्र, काय करून राहिला सध्या?"

ओसरी भरलेली होती. विहारातले दोघं होते, झनकभाऊ होते, सुषमाच्या माहेरचे होते. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात बाबा बोलले. पौर्णिमेला वाचतात त्याच खणखणीत आवाजात.

"बिमार होता तो. मनाची बिमारी. मी ओळखली नाही, आळस म्हटलं. गोंदियाची दवाई चालू आहे, आता बरा होऊन राहिला. हलरवर जाते."

कोणी हसलं नाही. झनकभाऊंनी आपला कप खाली ठेवला आणि अजून चाय आहे का वं, असं सुषमाला विचारलं. मग परत सगळे बोलायला लागले. माझ्या पाठीवरून कोणीतरी पोतं उतरवून घ्यावं तसं मला झालं. रिया माझा हात ओढत होती, चला ना, सिंगाडे घ्यायचे. ती आता मला पुन्हा मागायला लागली आहे, गणितही आणि सिंगाडेही.

आम्ही पिशवीभर सिंगाडे घेऊन परत आलो तेव्हा पाहुणे जेवून उठले होते. मागच्या सांदवाडीत, मागच्या वर्षी मी जिथं बसलो होतो तिथंच, काका हात धुवायला उभे होते आणि बाबा त्यांच्या हातावर पाणी घालत होते. हात धुऊन झाले तरी काका हात तसेच पुढे धरून होते.

"भाऊ," ते म्हणाले, "तो डॉक्टर कोणत्या वारी बसते?"

बाबांनी तांब्या खाली ठेवला. "मंगळवारी. निखिलले घेऊन ये. गोंदियाच्या टेसनावर मी उभा राहतो." मग काकांच्या खांद्यावर ओलाच हात ठेवून म्हणाले, "अन् बाकावर कोणी वळखीचं भेटलं, तं गुडघे नोको सांगू."